तेरा पूर्ण पाहिजेत

गुरुप्रसाद पावसकर सरांना स्वतःबद्दल फारसे गैरसमज नव्हते. जे होते ते सगळे चांगलेच होते. आपला आवाज खणखणीत आहे, आपण आहोत त्याहून तरुण दिसतो आणि शाळेचं पान आपल्याशिवाय हलत नाही, हे त्यातले मुख्य. आवाजाचं मात्र खोटं नव्हतं. रत्नागिरीपासून खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. शिमग्यात देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर येऊन बसली, की गाऱ्हाणं घालायला लोक सरांनाच पुढे करायचे. सर हात जोडून, डोळे मिटून "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करायचे, मुंबईकरांच्या नोकऱ्यांपासून आंब्याच्या मोहोरापर्यंत सगळं देवाच्या कानावर घालायचे, आणि एकेका मागणीला अख्खा गाव एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचा. वर्षानुवर्षं असा होकार ऐकायची सवय लागलेला माणूस कधीतरी गोत्यात येणारच. सर आले.

त्याचं झालं असं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मुख्याध्यापक घवाळी सरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून घेतलं. म्हणाले, अर्ज करून करून आपण थकलो होतो, पण आता एनसीसीचा नेव्हल ट्रूप आपल्या शाळेला मिळायची चिन्हं दिसतायत. युनिटचे कमांडर साहेब शाळा बघायला येतील. मुलं आहेत, मैदान आहे, फक्त ट्रूप सांभाळायला एक शिक्षक पाहिजे. त्याला ट्रेनिंगला जावं लागेल, सकाळची परेड घ्यावी लागेल, कॅम्पला मुलांबरोबर तंबूत राहावं लागेल. आपल्याकडे कुणी तयार नसेल तर ट्रूप दुसऱ्या शाळेला जाईल.

हे ऐकल्याबरोबर स्टाफरूममध्ये सगळ्यांना आपापली कामं आठवली. गणिताच्या सुजय सरांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि चेहराही दुखऱ्या गुडघ्याला शोभेलसा केला. विज्ञानाच्या योगिनी मॅडम तेवढ्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "सर, मला असं वाटतं..." पण त्यांना काय वाटतं ते कुणाला कळलंच नाही, कारण तोपर्यंत पावसकर सर उभे राहिले होते.

सर उठले ते काही देशासाठी नव्हे. खरं कारण होतं तो पांढरा गणवेश. मागच्या प्रजासत्ताक दिनाला शहरातल्या मैदानावर त्यांनी दुसऱ्या एका शाळेच्या शिक्षकाला त्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, टोपी घालून, सॅल्यूट घेताना पाहिलं होतं. बीएडला तो यांच्याच वर्गात होता आणि तेव्हा त्याला धड फळा पुसता येत नव्हता. त्या दिवसापासून सरांच्या डोक्यात एक फोटो पक्का बसला होता. फक्त त्यात टोपीखाली तोंड स्वतःचं होतं. व्हॉट्सॲपला लावायला तो कसा दिसेल, हेही त्यांनी बघून ठेवलं होतं.

तर उठून ते योगिनी मॅडमना म्हणाले, की अहो, तुमची सानवी अजून तीन वर्षांची, मिस्टर नोकरीला अलोऱ्याला, तुम्ही कुठे या भानगडीत पडता, आम्ही आहोत ना खंबीर! आपण केवढा दिलदारपणा केला असं त्यांना मनापासून वाटलं. मॅडमनी खुर्ची परत मागे ओढली. घवाळी सरांनी सुटल्यासारखा श्वास टाकला आणि चहा मागवला.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा सगुणावहिनी भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, की आधी बाहेरचा सिलिंडर आत आणा, मग जहाजांचं बघू. सरांनी सिलिंडर आणला. आणल्यावर पाच मिनिटं ओटीवर बसून राहिले, ते काही त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सर नुसते नियमांचे झाले. प्रार्थना संपली की पायरीवर उभं राहून सुरू. आठवीत नाहीतर नववीत पाहिजे. वयाला तेरा पूर्ण पाहिजेत. पळता आलं पाहिजे, डॉक्टरांनी पास केलं पाहिजे, घरच्यांची संमती पाहिजे, आणि दोन वर्षं पुरी करायची तयारी पाहिजे. दहावीत गेलात की शाळेच्या ट्रूपमध्ये प्रवेश नाही, मग थेट अकरावीत, कॉलेजात. यातलं "तेरा पूर्ण" हे ते असं काही दाबून म्हणायचे, की चौदा वर्षांची पोरंही मनातल्या मनात बोटं मोजायची.

आठवीतला स्वरूप दसऱ्याच्या सुमाराला तेरा पुरे करणार होता. तो डोळ्यांत पाणी आणून आला तर सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "बाबा रे, पुढच्या वर्षी नववीत ये. नियम म्हणजे नियम. वय काय कुणाच्या हातात असतं?" हे वाक्य त्यांचं त्यांनाच एवढं आवडलं, की त्यांनी ते जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आणि संध्याकाळी मासळीवाल्या सोनूबाईला ऐकवलं. सोनूबाई म्हणाली, मास्तर, बांगडे ताजे आहेत, वय नका विचारू.

शिक्षकासाठी काही अटी असतील हे मात्र त्यांच्या डोक्यात आलंच नाही. शिक्षकाला कोण अट घालणार? अट घालायला तर शिक्षक असतो.

त्याच आठवड्यात रझियाभाभी शाळेत आल्या. त्यांची नाझिया नववीत. वडील गनीभाई मालवाहू जहाजावर खलाशी, वर्षातले जेमतेम चार महिने घरी. नाझियाने लहानपणापासून घोकलेलं, की आपणही जहाजावर जायचं, पण दोर ओढायला नाही, जहाज चालवायला. गनीभाई हसायचे. मग या खेपेला जाताना त्यांनी शब्द दिला होता, की शाळेत कॅडेट होऊन दाखव, कॅम्प करून ये, तुला झेपतंय असं दिसलं तर बारावीनंतर बोटीच्या शिक्षणाला मी नाही म्हणणार नाही. नाहीतर गपचूप डीएड करायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"सर, यंदा ट्रूप नाय आला तर?" भाभींनी विचारलं. "पुढच्या साली ती दहावीला."

"दहावीत घेत नाहीत."

"तेच म्हणतेय मी. अकरावीपर्यंत तिचा बाप त्या शब्दावर थांबायचा नाय. मी ओळखते ना त्यांना. यंदाच काय ते होऊ दे, सर."

सरांनी छाती पुढे काढली. पोट आधीच पुढे होतं. "भाभी, झालं समजा," ते म्हणाले.

आता झालं समजा म्हणणं सोपं. पावसाने जरा उघडीप दिली की सर पोरांना घेऊन मैदानावर सराव करायला लागले. मैदान म्हणजे तांबड्या मातीचा चिखल. पोरांचे कॅनव्हासचे बूट पहिल्याच दिवशी लाल झाले आणि सर दोनदा खाली बसले, एकदा घसरून, एकदा मुद्दाम. परेडच्या आज्ञा हिंदीत. "दाहिने मुड" असं गरजून सर स्वतः डावीकडे वळले तेव्हा पन्नास पोरांची तोंडं एकीकडे आणि सरांचं दुसरीकडे झालं. पहिल्या रांगेतून नाझियाने हळूच, अजिबात न हसता सांगितलं, "सर, दुसरीकडे." पोरीने मोबाइलवर बघून बघून सगळं शिकून घेतलं होतं. सर तिला म्हणाले, की मी तुमची परीक्षा घेत होतो. ती "हो सर" म्हणाली. एवढ्या सहज म्हणाली, की सरांनाच कसंतरी झालं.

कमांडर साहेब आले त्या दिवशी सर पहाटे उठले होते. केसांना कलप, मिशीलाही कलप, बूट चकाचक. साहेब उंच, हरियाणाकडचे, थोडं बोलणारे. त्यांनी मैदान बघितलं, शस्त्रं ठेवायची खोली कुठे करणार ते विचारलं, मुलांच्या रांगांतून फिरले. मग सरांसमोर येऊन उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, की तुमच्या शाळेला ट्रूप का हवा ते मला थोडक्यात सांगा.

सरांनी हिंदीतलं भाषण आठवडाभर पाठ केलं होतं. "माननीय महोदय" एवढं बाहेर आलं आणि पुढची पाटी कोरी. मागे पन्नास मुलं, समोर साहेब, बाजूला घवाळी सर रुमालाने मान पुसतायत. अशा वेळी माणसाचे पाय आपल्या सवयीच्या वाटेला लागतात. सरांचे हात आपोआप जुळले. डोळे मिटले. आणि तो खणखणीत आवाज निघाला:

"बा साहेबा म्हाराजा! आज ही शाळंची पोरां तुज्यासमोर हात जोडून उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!" पन्नास गळे एकदम.

"त्यांच्या हातून काय चुकलां-माकलां आसंल, तां पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"आनि यंदाच्या साली त्यांस्नी ट्रूप मिळू दे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

यात पोरांची काय चूक? जन्मल्यापासून दर शिमग्याला ती हेच करत आली होती. समोर तोच माणूस, तोच सूर, मग तोंडातून दुसरं काय निघणार? सरांनी डोळे उघडले तेव्हा साहेब त्यांच्याकडे टक लावून बघत होते. आपण या माणसाला आत्ता देव केलं, हे सरांच्या ध्यानात आलं आणि पायाखालचा चिखल आपल्याला गिळेल तर बरं असं झालं. घवाळी सरांनी रुमाल तोंडावरच धरला होता.

"ये क्या था?" साहेबांनी विचारलं.

सरांचे जोडलेले हात अजून सुटले नव्हते. तेव्हा नाझिया रांगेतून एक पाऊल पुढे आली, सावधान उभी राहिली आणि तिने सांगितलं, "सर, हमारे गाँव में एक आदमी सबके लिए माँगता है, तो बाकी सब मिलके हाँ बोलते हैं. पालखी जहाँ बैठती है, उसके बाजू में ही मेरा घर है. हम सबको ट्रूप चाहिए, सर. इसलिए सब बोले."

साहेबांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि ते हसले. घवाळी सरांना म्हणाले, की पोरांनी एका आवाजात उत्तर द्यावं म्हणून मी इतर शाळांत महिनेच्या महिने घालवतो, इथे ते आधीच शिकवलेलं दिसतंय. शाळा त्यांना पसंत पडली होती. घवाळी सरांच्या अंगात जीव आला. पावसकर सरांच्या तर एवढा आला, की हे गाऱ्हाणं आपण विचार करूनच घातलं असं त्यांना वाटायला लागलं.

मग साहेबांनी ऑफिसर कोण होणार ते विचारलं. सर पुढे झाले. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. जन्मतारीख जरा हळू आवाजात सांगितली, कारण शेजारी योगिनी मॅडम आणि सुजय सर उभे होते आणि त्या दोघांना सरांनी आजवर वेगवेगळी वर्षं सांगितली होती. साहेबांनी मनात हिशेब केला, पुन्हा एकदा केसांकडे बघितलं आणि मान हलवली. शिक्षकालाही वयाची अट असते, आणि ती सरांनी दोन वर्षांपूर्वीच ओलांडली होती.

"माफ कीजिए, सर," साहेब अगदी सभ्यपणे म्हणाले. "इसमें मैं कुछ नहीं कर सकता."

दुसरा कोणी शिक्षक असेल तर आत्ता सांगा, नाहीतर मला इथून पुढच्या शाळेत जायचंय, असं त्यांनी घवाळी सरांना सांगितलं. घवाळी सरांनी सुजय सरांकडे बघितलं. सुजय सरांचा हात गुडघ्यावर पोचला होता.

आता लपवण्यात अर्थ नाही. पावसकर सरांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ट्रूप गेला तर जाऊ दे. नियमाने गेला, आपला काय दोष? लोक म्हणतील, बिचाऱ्या सरांनी एवढी खटपट केली, पण वय आडवं आलं. चार दिवस कौतुकच होईल. आणि मॅडमनी तो गणवेश घालून आपल्यासमोरून जायचं, त्यापेक्षा कुणालाच नको ना! असा हा शिक्षक, मुलांना साने गुरुजींच्या वाटेने न्यायला निघालेला. सगळा विचार पुरा व्हायला त्यांना एक क्षणसुद्धा लागला नाही.

मग त्यांची नजर नाझियाकडे गेली. ती अजून सावधान उभी होती, शिकवल्याप्रमाणे नजर समोर, हनुवटी वर. फक्त खालचा ओठ दातांत घट्ट धरलेला होता. "झालं समजा" हे आपण तिच्या आईला म्हटलं होतं, हे सरांना आठवलं आणि त्यांना स्वतःची अशी काही लाज वाटली, की कान तापले.

ते योगिनी मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. "मॅडम, त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही काहीतरी सांगत होतात. मी बोलू दिलं नाही."

"नाही दिलंत," मॅडम म्हणाल्या.

"आता सांगा."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग मुलांच्या रांगांकडे. "मंडणगडला आमच्या शाळेला पण ट्रूप मिळणार होता. मी आठवीत होते. सरांपैकी कुणी तयार झालं नाही, आणि बाईंना कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मला एवढंच सांगायचं होतं, की मी तयार आहे."

सर बाजूला सरकले. मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी साहेबांना स्वच्छ हिंदीत स्वतःचं नाव, शिक्षण आणि जन्मतारीख मोठ्याने सांगितली. परेडच्या सकाळी सानवीला कोण बघणार, असा प्रश्न घवाळी सरांनी काढला तेव्हा "मी," असं पावसकर सर म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

भरतीचा दिवस जुलैअखेरीला आला. मुलं पळाली, उंची मोजली, डॉक्टरांनी डोळे, पाय, छाती तपासली, साहेबांच्या माणसांनी एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारले. योगिनी मॅडम शिट्टी गळ्यात अडकवून सगळीकडे होत्या. पावसकर सर मैदानाच्या कडेला चिऱ्याच्या कट्ट्यावर बसले होते. मांडीवर सानवी, हातात तिचा एक बूट, आणि मिशीचं एक टोक सानवीच्या मुठीत. येणारी जाणारी पोरं बघून हसत होती. सरही हसत होते, मिशी सोडवेपर्यंत तेवढंच हातात होतं.

नाझिया पळण्यात मुलींत पहिली आली आणि निवडली गेली. रझियाभाभी सांदणांचा डबा घेऊन कट्ट्याजवळ आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. गनीभाईंना निरोप टाकलाय, जहाजाला रेंज आली की कळेल, असं म्हणाल्या. डबा सरांच्या हातात दिला.

"सर, तुमच्यामुळे झालं हो. मी विसरायची नाय."

एरवी सरांकडे अशा वेळेला द्यायला उत्तरं तयार असत. आम्ही काय, निमित्तमात्र वगैरे. त्यांनी तोंड उघडलं. समोर मैदानात मॅडम एका मुलीचा खांदा सरळ करत होत्या.

"भाभी, माझ्यामुळे नाही," सर म्हणाले. "माझ्यामुळे होता होता राहत होतं. मॅडम पहिल्याच दिवशी तयार होत्या. मीच त्यांना बोलू दिलं नाही, फुशारकीत पुढे झालो. आपलं वय किती, तेवढंसुद्धा बघितलं नाही."

भाभी मनापासून हसल्या. "सर म्हणजे ना! कायम मस्करी." आणि त्यांनी नाझियाला हाक मारली, की ये, सरांना नीट थँक्यू म्हण, बघ काय म्हणतायत.

नाझिया धापा टाकत आली. तिने आईचं ऐकून घेतलं, पण ती हसली नाही. साहेब आले त्या दिवशी ती पहिल्या रांगेत होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"मस्करी नाय, अम्मी. सर खरं सांगतायत," ती म्हणाली. मग सरांकडे वळली. "पण मग मॅडमना विचारायला तुम्ही स्वतः गेलात, सर. दुसरं कुणी नव्हतं गेलं. तेवढं पण सांगा ना अम्मीला."

सरांना हे सुचलंच नव्हतं. आजवर स्वतःच्या बाजूने जे जे बोलता येईल ते बोलून झालेला हा माणूस, नेमकं तेवढंच विसरला होता. त्यांचे डोळे भरून आले. पोरीला आणि तिच्या आईला दिसू नये म्हणून ते घाईघाईने वाकले आणि सानवीच्या बुटाची नाडी बांधायला लागले. बराच वेळ बोटं चाचपडत राहिली. बुटाला नाडी नव्हतीच, ओढून चिकटवायची पट्टी होती.